वाचकांचे प्रश्न : तिसरे अपत्य आणि सरपंचपदाची उमेदवारी

प्रश्न : आमच्या गावचे सरपंचपद यंदा महिलांसाठी राखीव निघाले असून बचत गटातील बाया मला उभे राहण्याचा आग्रह करीत आहेत. मला दोन मुली आणि त्यांच्या पाठीवर २००९ साली झालेला मुलगा आहे. धाकटी मुलगी जाऊबाईंना दत्तक दिल्याचे कागद केले तर अर्ज टिकेल, असे घरचे म्हणतात. हे खरे आहे का? शिवाय, लोकसंख्या आवरायचीच असेल तर चीनसारखा कडक कायदा सर्वांना का लावत नाहीत?
– एक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दत्तकाचा मार्ग धरू नका. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, सदस्य किंवा सरपंच होण्यास अपात्र ठरते. हरियाणातील अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जावेद खटल्यात निकाल दिला, तेव्हा मूल दत्तक दिल्याने अपात्रता जात नाही, हेही स्पष्ट केले. आणि हे लपणार तरी कोठे? जन्माची नोंद ग्रामपंचायतीच्याच दप्तरात, नाव राशन कार्डावर आणि अंगणवाडीच्या वहीत असते; छाननीच्या दिवशी विरोधी गट त्याच्या नकला घेऊन तहसील कार्यालयात हजर असतो. छाननीत निभावले, तरी पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार होऊन पद जाऊ शकते, आणि खोट्या घोषणापत्राचे लचांड वेगळेच मागे लागते.

आता नियमाच्या योग्यतेविषयी. न्यायालयाने तो वैध ठरवला असला, तरी तो शहाणपणाचा आहे असे मला वाटत नाही. दोन मुलींवर थांबायचे की मुलाची वाट पाहायची, हे आपल्या खेड्यापाड्यांत सून क्वचितच एकटी ठरवते. सासू, नवरा आणि वावराला वारस हवा म्हणणारे भाऊबंद मिळून ते ठरवतात, पण जागा राखीव निघाली की अर्ज बाद होतो तो तिचा. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात या अटीचा फटका स्त्रिया आणि दुर्बल जातींना अधिक बसल्याचे, तसेच पद टिकवण्यासाठी बायकोला सोडून देणे, मूल दत्तक देणे, गर्भपात करून घेणे असे प्रकार घडल्याचे नोंदवले गेले. मुलगा हवाच आणि अपत्ये दोनच, अशा दोन्ही बाजूंच्या कोंडीत पहिली मुलगी असलेल्या घराचे लक्ष सोनोग्राफीकडे वळते. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. हा सगळा दोष या एका अटीच्या माथी मारता येणार नाही. मुलाचा हव्यास तिच्याही आधीपासूनचा आहे.

चीनने १९८० पासून एकच अपत्य सक्तीचे केले. शेतकरी ऐकेनात, म्हणून १९८४ पासून बऱ्याच ग्रामीण भागांत पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या अपत्याची मुभा द्यावी लागली. म्हणजे मुलगी झाल्यास पुन्हा प्रयत्न करा, असे सरकारनेच सांगितल्यासारखे झाले. तेथे लग्नाच्या वयाच्या मुलांची संख्या मुलींपेक्षा कोट्यवधींनी अधिक झाली आणि दंडाच्या भीतीने असंख्य मुलांची जन्मनोंदच झाली नाही. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन अपत्यांना परवानगी मिळाली, तरी २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली. सक्तीने खाली आणलेला जन्मदर परवानगीने वर येत नाही.

आपल्याकडेही सक्तीचा प्रयोग झालेला आहे. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. त्या वर्षभरात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्यानंतर पुरुषांनी या शस्त्रक्रियेची जी धास्ती घेतली ती आजही गेलेली नाही, आणि ‘ऑपरेशन’ म्हणजे बाईचेच, हे खेड्यात ठरून गेले.

दरम्यान कुटुंबे लहान झालीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये २.९ होती, ही अट येण्यापूर्वीच १९९८-९९ मध्ये ती २.५ झाली आणि २०१९-२१ मध्ये १.७. केरळ आणि तामिळनाडूत निवडणुकीला अशी अट नसताना हा आकडा १.८ आहे. मुलींचे शिक्षण, उशिरा होणारी लग्ने आणि जन्मलेले मूल जगण्याची खात्री यांनी हे घडवले. आंध्र प्रदेशाने आपली अट २०२४ साली रद्द केली. महाराष्ट्रानेही ती करावी, असे माझे मत आहे. तोवर मात्र, ताई, आपला अर्ज टिकणार नाही. गटातील दुसरी पात्र भगिनी उभी करावी. ग्रामसभेत बोलण्यास आणि हिशेब मागण्यास अपत्यांची अट नाही.

प्रश्न : मला २००६ साली मुलगी आणि २०१० साली जुळी मुले झाली. मी सदस्यपदासाठी अपात्र आहे का?
– एक शेतकरी वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. एक अपत्य असताना त्यानंतरच्या एकाच बाळंतपणात झालेली मुले, कितीही असली तरी, कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार एकच धरली जातात. दोन्ही मुलांच्या जन्मदाखल्यांवर तारीख एकच आहे ना, हे अर्ज भरण्यापूर्वी तपासून घ्यावे. शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली वेगळी तारीख दाखल्यात राहिली असल्यास ती आधीच दुरुस्त करून घ्यावी.