पोरीला बाटवतील का, आणि आर्ट्स घेऊन ती करेल काय? – इंदिरानगरच्या काकांना उत्तर

काका, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारावीला आहे, अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका कॅथलिक लिबरल आर्ट्स विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलंय, निम्मी फी माफ आहे आणि घरात तीन पक्ष पडलेत. आजी म्हणतात पोरीला बाटवतील, तुम्ही म्हणता सायन्सची हुशार मुलगी आर्ट्सला घालून करायचं काय, आणि मुलगी मनाने केव्हाच बॅग भरून बसली आहे. मी २०१५ ते २०१९ अशाच एका जेझुइट (म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाने चालवलेल्या) कॉलेजात होते. मूळची नाशिकरोडची, आता परत इथेच असते. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे चार वाईट गोष्टीही लिहायच्या आहेत.

आधी आजींचं. चार वर्षांत मला एकदाही कोणी ‘चर्चला चल’ म्हटलं नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, रोज व्हायची, जायची सक्ती नव्हती. मी पाच-सहा वेळा गेले असेन, त्यातही दोनदा मैत्रीण कॉयरमध्ये गाणार होती म्हणून. बहुतेक मोठ्या कॅथलिक विद्यापीठांत हेच चित्र आहे. जॉर्जटाउन हे अमेरिकेतलं सगळ्यांत जुनं कॅथलिक विद्यापीठ, १७८९ चं. तिथे २००१ मध्ये पहिल्यांदा पाद्री नसलेला अध्यक्ष आला आणि २०१६ पासून हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ हिंदू धर्मगुरू नेमले आहेत. हे आजींना आवर्जून सांगा. पण सगळी कॉलेजं एका माळेची नसतात. कॅलिफोर्नियात थॉमस अक्वायनस कॉलेज आहे, १९७१ मध्ये सुरू झालेलं. तिथे मेजर (मुख्य विषय) वगैरे प्रकारच नाही, सगळ्यांना चारही वर्षं एकच अभ्यासक्रम, आणि वातावरण कडक धार्मिक. नोत्र दाम विद्यापीठात मुलामुलींची वसतिगृहं वेगळी आणि एकमेकांच्या खोल्यांत जायला रात्रीची वेळ ठरलेली. (हे वाचून तुमच्या मिसेस खूष होतील, मुलगी होणार नाही.) तेव्हा ‘कॅथलिक’ एवढ्या एका शब्दावरून काही ठरवू नका.

आणि आजींना हळूच विचारा, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तिथे त्या कधी गेल्या आहेत का. माझी आजी जायची. नवसाची मेणबत्ती लावून यायची आणि संध्याकाळी घरी हरिपाठ. तिला यात काही वावगं वाटलं नाही. मी अमेरिकेला निघाले तेव्हा मात्र तिने ‘मिशनरी’ हा शब्द असा काही उच्चारला की जणू शरणपूरचे साहेब परत आलेत. खरं तर १८५४ मध्ये नाशिकला शरणपूर वसवणारे मिशनरी प्रोटेस्टंट होते, कॅथलिकांशी त्यांचा संबंध नव्हता. पण ते तिला पटवण्यात अर्थ नव्हता.

आता दुसरी बाजू. सक्ती नाही म्हणजे तिथे धर्मच नाही, असं समजू नका. वर्गात भिंतीवर क्रूस असतो. राखेच्या बुधवारी निम्मा वर्ग कपाळावर राखेची खूण घेऊन बसतो. मला पहिल्या वर्षी वाटलं, अरे, हे तर अंगारा लावून आलेत! त्यानंतरच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी मेसमध्ये मांस नसतं, म्हणजे आपल्यासारख्यांची चंगळ. बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या दवाखान्यात गर्भनिरोधकं मिळत नाहीत, हेही माहीत असू द्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे थिऑलॉजीचे, म्हणजे देव-धर्माच्या अभ्यासाचे, पेपर सक्तीचे असतात. जॉर्जटाउनला दोन, नोत्र दामला दोन, बॉस्टन कॉलेजला दोन आणि शिवाय तत्त्वज्ञानाचे दोन. माझ्याकडेही दोन अधिक दोन. मुलगी हिंदू आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

मीही हे घरी सांगितलं नव्हतं. सिंहस्थाचं ध्वजारोहण होऊन महिना झाला होता, रामकुंडाकडे जाणारे रस्ते बंद होण्याच्या बातम्या रोज येत होत्या आणि त्या गडबडीत मी विमानात बसले. थिऑलॉजीच्या पहिल्या पेपरला एक सत्तरीचे फादर होते, हातात कायम गार झालेल्या कॉफीचा मग. वर्गात आम्ही अठरा जण. पहिला निबंध तीर्थयात्रेवर होता. ‘तुझ्या गावात असं काही?’ असं त्यांनी विचारलं. मी फुशारकीने सांगितलं, कुंभमेळा, आत्ता याच महिन्यात चालू आहे, लाखो लोक येतात. त्यांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. बारा वर्षांनीच का? त्याच नदीवर का? आणि आधी आंघोळ कोणी करायची, हे कोण ठरवतं?

काका, मला गाड्या कुठून वळवल्या आहेत ते पाठ होतं. या तीन प्रश्नांतलं एकही उत्तर येत नव्हतं. रात्री नऊला घरी फोन लावला, इकडे सकाळचे साडेसात. आजी हसायलाच लागली. ‘अगं, गुरू सिंह राशीत येतो म्हणून सिंहस्थ. अमेरिकेत जाऊन हे विचारतेस?’ शैव आणि वैष्णव साधूंची भांडणं पेशव्यांपर्यंत गेली आणि तेव्हापासून शैवांचं स्नान त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर, वैष्णवांचं नाशिकला रामकुंडावर, हेही तिनेच सांगितलं. ग्रंथालयातल्या बाईंनी मला १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर काढून दिलं. रामकुंडापासून वीस मिनिटांवर वाढलेली मी, ते पुस्तक पहिल्यांदा पाहिलं ते मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका अमेरिकन गावात.

मोठ्या अभिमानाने निबंध दिला. बी-मायनस आला. समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: या देवळात, या पाण्यात कोणाला मज्जाव होता?

काळारामाच्या दारातून मी शेकडो वेळा आत गेले असेन. २ मार्च १९३० ला त्याच दारासमोर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला, तरी दार उघडलं नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. शाळेत या सगळ्यावर दोन ओळी होत्या, परीक्षेपुरत्या. निबंध पुन्हा लिहिला. नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा आजीला विचारलं, तुमच्या लहानपणी या सत्याग्रहाबद्दल घरात काय बोलायचे? ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, ‘आमच्याकडे यावर कोणी बोलत नसे.’

त्या फादरांना हिंदूंचीच उणीदुणी काढायची होती, असं वाटू देऊ नका. त्याच सत्रात त्यांनी आम्हाला १८३८ चं प्रकरण वाचायला लावलं. मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलं विकली आणि त्या पैशातून जॉर्जटाउनचं कर्ज फेडलं. नेमकं त्याच नोव्हेंबरात तिथल्या विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि विक्री करणाऱ्या पाद्र्यांची नावं इमारतींवरून उतरवायला लावली. स्वतःच्याच संघाची ही गोष्ट हे सत्तरीचे गृहस्थ ज्या थंडपणे शिकवत होते, ते मी विसरलेले नाही.

म्हणून आजींना खरं काय ते सांगा. पोर बाटून येणार नाही. पण दिवाळीच्या फराळाच्या ताटावर बसून आजवर घरात कोणी न विचारलेलं काहीतरी विचारेल. त्याची तयारी असेल तर पाठवा.

आता तुमचं, म्हणजे ‘आर्ट्स’चं. माझ्या वेळीही कॉलेज रोडवरच्या काकू म्हणाल्याच होत्या, ‘दहावीला ९४ टक्के होते ना, मग आर्ट्सला का?’ हा शब्दच फसवा आहे. लिबरल आर्ट्स म्हणजे आपल्याकडचं बी.ए. नव्हे आणि ‘लिबरल’चा तिथल्या राजकारणाशीही संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात सात विद्या धरायचे: व्याकरण, तर्क, वक्तृत्व आणि मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. सातांतल्या तीन सरळसरळ गणिताच्या, आणि संगीतही ते स्वरांचं गणित म्हणूनच शिकवायचे. आज पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे चाळीस पेपर. त्यातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कोअरचे, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे: तत्त्वज्ञान, थिऑलॉजी, इतिहास, साहित्य, एक परकी भाषा, प्रयोगशाळेसह एक विज्ञान. साधारण तेवढेच मेजरचे. उरलेले आपल्या मर्जीचे. मेजर बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचं असतं. मी फिजिक्स घ्यायचं म्हणून गेले आणि गणित घेऊन बाहेर पडले. आता सातपूरच्या एका कंपनीत डेटाचं काम करते. प्लेटो तिथे कोणी विचारत नाही, पण दहा पानांचा रिपोर्ट कोणी लिहायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

पण नोकरीचं गणित भावनेवर करू नका. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच तिथे काम करायची जी परवानगी मिळते, म्हणजे ओपीटी, तिची मुदत १२ महिने. मेजर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतलं असेल तर आणखी २४ महिने. माझ्या वर्गातली एक मुलगी इतिहासात अव्वल होती, वर्षभरात परतली. गणित, कॉम्प्युटर सायन्स, विज्ञानशाखा स्टेममध्ये येतात. इकॉनॉमिक्स काही ठिकाणी येतं, काही ठिकाणी नाही, ते विभागाने कोणता कोड लावलाय यावर असतं. मुलीचा कल तिकडे असेल तर आत्ताच विचारून ठेवा. आणि तिला इंजिनिअरिंगच करायचं असेल तर लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात बहुधा ते नसतं. मार्क्वेट, व्हिलानोवा, सांता क्लारा, नोत्र दाम अशा मोठ्या कॅथलिक विद्यापीठांत असतं.

आता पैसे. तुमच्या प्रश्नात हे एका ओळीत होतं, मला इथेच सगळ्यात जास्त काळजी वाटते. नामवंत कॅथलिक विद्यापीठांचा पूर्ण खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. कमी नावाची कॉलेजं चांगल्या मार्कांवर मोठी सूट देतात, तुम्हालाही तीच मिळालेली दिसते. पण निम्मी फी माफ म्हणजे नक्की काय, ते पत्रात पाहा. माझ्या पत्रात टक्के नव्हते, डॉलरचा आकडा होता. फी दरवर्षी वाढली, आकडा तिथेच राहिला. मी गेले तेव्हा डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, परतले तेव्हा ७०. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. शिवाय फी माफ झाली तरी राहणं, मेस आणि विमा माफ होत नाही. पहिली दोन वर्षं कॅम्पसवरच राहायचं आणि मेसचंही पूर्ण पॅकेज घ्यायचं, अशी आमच्याकडे सक्ती होती. मी डाळ-भात खोलीत करत असले तरी मेसचे पैसे भरतच होते.

आणि एक अट, जी मी वाचलीच नव्हती. ग्रेडची सरासरी ४ पैकी ३.० च्या खाली गेली की स्कॉलरशिप धोक्यात. दुसऱ्या सत्रात केमिस्ट्रीच्या लॅबने मला २.९ वर आणलं. कॉलेजचं पत्र आलं, बाबांना आठवडाभर सांगितलं नाही. एका सत्राची मुदत मिळाली आणि निभावलं, पण ते चार महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. ऑफिसातल्या बाईंचं म्हणणं एवढंच, की हे पत्रात लिहिलेलं होतं. होतंच. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण त्यातून हातखर्च निघतो, फी नाही. मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे.

थंडीबद्दल विचारलंत: स्वेटर इथून नेऊ नका, जॅकेट तिथेच घ्या. जेवणाचं होतं हळूहळू, गोडा मसाला मात्र द्या. सुरक्षिततेचं म्हणाल तर लहान कॅम्पसवर रात्री बारालाही मी ग्रंथालयातून एकटी चालत यायचे.

भारतातच असं काही हवं असेल तर मुंबईचं झेवियर्स आहे, १८६९ पासूनचं, तेही जेझुइटांचंच. पंचवटी एक्स्प्रेसने घरी येता येतं. पण तिथे दोन वर्षं रमतगमत मेजर ठरवायची मुभा नाही.

आता लगेच करायचं ते एवढंच. मुलीलाच विद्यापीठाला ईमेल लिहायला सांगा, तुम्ही लिहू नका. स्कॉलरशिप टक्क्यांत आहे की डॉलरमध्ये, चारही वर्षं मिळणार का, किती सरासरीखाली बंद होते, कॅम्पसवर किती वर्षं राहणं सक्तीचं आहे, कोअरच्या पेपरांची यादी, आणि तिच्या मेजरचा कोड स्टेममध्ये येतो का. उत्तर आलं की नाव-गाव पुसून इथेच टाका, मी बघते. आणि आजींना माझ्या आजीशी बोलायचं असेल तर कळवा. ती आता ८४ वर्षांची आहे, ऐकू जरा कमी येतं, पण या विषयावर तासभर सहज बोलेल.