हापशाच्या पाण्यातले बदल : एका नव्या विज्ञान शिक्षिकेस पत्र

चि. प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कळंब तालुक्यातील शाळेत तू रुजू झालीस आणि सहावी ते आठवीचे विज्ञान तुझ्याकडे आले, हे वाचून समाधान वाटले. द्रव्याचे गुणधर्म आणि बदल हे प्रकरण चार तासिकांत कसे संपवावे, असे तू विचारले आहेस. बर्फ वितळणे व कागद फाडणे हे भौतिक, कागद जळणे व लोखंड गंजणे हे रासायनिक, ही यादी मुलांना तोंडपाठ आहे, पण यादीबाहेरचे एखादे उदाहरण दिले की सगळा वर्ग खाली मान घालतो, ही तुझी तक्रार मला मुळीच नवी नाही. माझे स्पष्ट मत असे की, या प्रकरणाला चार नव्हे, आठ तासिका द्याव्यात आणि तो वेळ इतर एखाद्या प्रकरणातून काढून घ्यावा, कारण पुढे दहावीपर्यंतचे सगळे रसायनशास्त्र याच पायावर उभे राहते.

सर्वांत आधी एक सोपा नियम वर्गातून हद्दपार कर. ‘उलटा करता येतो तो भौतिक बदल आणि करता येत नाही तो रासायनिक’ असे मुले सांगतात, आणि दुर्दैवाने काही मार्गदर्शकांतही तसेच छापलेले असते. ज्वारी जात्यात दळली तर पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तरीही पीठ हे ज्वारीचेच द्रव्य असते. उलट बाजूने मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट घे. फळबागांवर त्यापासून केलेले बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात, म्हणून कृषी सेवा केंद्रात तो सहज मिळतो. त्याचे निळे खडे बारीक करून परीक्षानळीत मंद आचेवर तापव. नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमू लागतात आणि खालची निळी पूड कडेकडेने फिकी होत पांढरट होते. नळी पूर्ण गार झाल्यावर पाण्याचे दोन थेंब सोडलेस की निळाई तत्काळ परत येते आणि नळी हाताला गरम लागते. स्फटिकात रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून गेले व परत बांधले गेले, म्हणजे बदल रासायनिक असूनही तो उलटा झाला. मोरचुदाच्या वस्तुमानात सुमारे ३६ टक्के वाटा या पाण्याचा असतो, त्यामुळे २५ ग्रॅम मोरचूद पूर्ण निर्जल झाला तर साधारण १६ ग्रॅम उरतो. हा प्रयोग तू स्वतःच्या हाताने करून दाखव. मोरचूद विषारी आहे, तेव्हा तो मुलांच्या हाती देऊ नकोस आणि घरातले कोणतेही भांडे त्यासाठी वापरू नकोस.

नियम काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय द्यायचे, तर प्रश्न. आधी कोणता पदार्थ होता, आता कोणता आहे आणि हे कशावरून म्हणतोस? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर द्यायला गुणधर्मच कामी येतात. पुस्तकात गुणधर्म आधी आणि बदल नंतर येतात ते याचसाठी, परंतु आपण शिकवताना दोहोंमध्ये भिंत घालतो. रंग, वास, घनता, विद्राव्यता, द्रवणांक, उत्कलनांक, आम्लाशी होणारी क्रिया हे सारे पदार्थ ओळखण्याचे पुरावे आहेत, आणि एकट्या रंगावर तर कधीच विसंबू नये. गावात कुंभार असेल तर त्याच्याकडून एक वाळलेले पण न भाजलेले बोळके आण आणि आव्यात भाजलेले दुसरे आण. दोन्ही रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेव. कच्चे विरघळल्यासारखे होऊन तळाशी गाळ होते, भाजलेले जसेच्या तसे राहते. चाकावर माती घडवताना तिचा फक्त आकार बदलला होता, आव्यात मात्र मातीच्या खनिजांच्या रचनेत बसलेले पाणी कायमचे निघून गेले आणि पदार्थच वेगळा झाला, हे मुलांना बादलीत पाहून पटते.

उत्कलनांक शिकवताना एक गोष्ट ध्यानात ठेव. पुस्तकात १०० अंश सेल्सिअस लिहिलेले असते, आणि तुझ्या वर्गातला तापमापी उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास अडून बसेल. मुले म्हणतील, तापमापी बिघडला. तो बिघडलेला नसतो. बालाघाटच्या पठारावरची आपली गावे समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच आहेत आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक एक अंशाने खाली येतो, कारण वरच्या हवेचा दाब कमी असतो. पाणी उकळत असेपर्यंत मात्र तो आकडा हलत नाही, चुलीत कितीही जाळ घाल. आता हेच गुऱ्हाळावर उसाच्या रसाच्या बाबतीत पाहा. काहिलीतला रस जसजसा आटतो तसतसे त्याचे तापमान चढत जाते आणि गूळ उतरवण्याच्या वेळी ते ११८ अंशांच्या आसपास पोहोचलेले असते. शुद्ध पदार्थाचा उत्कलनांक ठरलेला असतो, मिश्रणाचा सरकत राहतो, हे समजावायला याहून चांगली प्रयोगशाळा आपल्या भागात मिळणार नाही. त्याच काहिलीत पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल आणि रसाचा रंग सोनेरी-तपकिरी होणे हा साखरेचा व रसातील इतर घटकांचा रासायनिक बदल, असे दोन्ही एकाच वेळी चाललेले असतात. तेव्हा ‘गूळ तयार होणे कोणता बदल?’ असा प्रश्न एका शब्दाच्या उत्तरासाठी कधी विचारू नकोस.

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते, हेही वर्गाला विचार. ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असे उत्तर हुशार मुलेच देतात. सुरुवातीचे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात आणि नंतरचे मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे, म्हणून वर थंड ताटली धरली की तिच्यावर पुन्हा पाणीच मिळते.

आता ज्यासाठी मी हे पत्र लांबवतो आहे, त्या हापशाच्या पाण्याकडे येतो. तुझ्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या घरी पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरट, खरखरीत थर बसलेला असतो. आया तो घासून दमतात. तो थर सुरीने थोडा खरवडून वाटीत घे आणि त्यावर लिंबू पिळ. फसफस होते, बुडबुडे निघतात आणि थर विरघळू लागतो. तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो आणि निघणारा वायू कार्बन डायऑक्साइड असतो. मग हे कार्बोनेट आले कोठून? पाणी तर स्वच्छ, आरपार दिसत होते. त्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळलेले असते, आणि पाणी तापले की त्याचे कार्बोनेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. म्हणजे पाणी उकळणे हे भौतिक बदलाचे यादीतले पहिले उदाहरण, पण मराठवाड्यातल्या पातेल्यात ते घडताना शेजारी एक रासायनिक बदल गुपचूप उरकलेला असतो.

हा सगळा प्रवास एका पेल्यात दाखवता येतो. पानटपरीवर मिळणारा चुना हरभऱ्याएवढा घेऊन तांब्याभर पाण्यात ढवळ आणि रात्रभर स्थिर ठेव. वरचे नितळ पाणी न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलेस की चुन्याची निवळी तयार झाली. पेल्यात थोडी निवळी घेऊन त्यात तितकेच जारचे शुद्ध केलेले पाणी मिसळ. हापशाचे मिसळू नकोस, कारण त्यातले बायकार्बोनेट चुन्याशी लगेच क्रिया करते आणि फुंकण्याआधीच पेला गढूळ होऊन तुझी फजिती होईल. नळीने त्यात श्वास सोडला की द्रव दुधाळ होतो, कारण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. बहुतेक शिक्षक येथे थांबतात. तू थांबू नकोस. बाटलीत खाण्याचा सोडा व व्हिनेगर घेऊन त्यातून निघणारा वायू नळीवाटे त्याच दुधाळ पेल्यात बराच वेळ जाऊ दे. याला धीर लागतो, पण हळूहळू दुधाळपणा विरतो आणि द्रव पुन्हा नितळ होतो. कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट झाले, म्हणजे वर्गाच्या टेबलावर हापशासारखे क्षारयुक्त, दुष्फेन पाणी तयार झाले. हे नितळ पाणी उकळ, ते पुन्हा दुधाळ होईल. प्रत्येक टप्प्यावर मुलांना विचार की आता पेल्यात काय आहे आणि कशावरून. डोळ्यांनी पाहता पेला दोनदा नितळ होता, पण पहिल्या नितळ द्रवात चुना होता आणि दुसऱ्यात बायकार्बोनेट, हे ज्याने सांगितले त्याला हे प्रकरण समजले असे मान. फुंकताना कोणी निवळी वर ओढणार नाही आणि कोणाच्या डोळ्यांत ती उडणार नाही, याकडे तूच लक्ष ठेव.

एखादे चौकस पोर विचारेल की आपल्याकडे तर सगळा काळा दगड, मग पाण्यात चुना कसा? प्रश्न रास्त आहे. या काळ्या दगडातल्या, म्हणजे बेसाल्टमधल्या खनिजांत कॅल्शिअम असते, हजारो वर्षांच्या विदारणात, म्हणजे ऊन-पावसाने दगड झिजताना, ते पाण्यात उतरते आणि काळ्या मातीत चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साचते. मुलांना शेतातून असे खडे आणि काळ्या दगडाचे तुकडे आणायला सांग, आणि दोहोंवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहायला लाव. पांढरा खडा फसफसतो, ताजा फोडलेला काळा दगड ढिम्म राहतो. सहल संभाजीनगरला गेली तर बीबी का मकबऱ्याचा गिलावा पाहताना हाच धागा पुढे नेता येईल. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवला की प्रचंड उष्णता निघते, आणि तो विरलेला चुना भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो. कळीचा चुना विरवण्याचा प्रयोग वर्गात अजिबात करू नकोस, उडालेल्या थेंबाने डोळा जातो.

काटा असल्याशिवाय मात्र यातले काहीच पक्के होत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्रव्य अक्षय्यतेचा, म्हणजे बदलात एकूण वस्तुमान तेवढेच राहते हा नियम मांडला, त्यामागे वर्षानुवर्षे बंद भांड्यांत केलेले तोलणे होते. आपण मात्र तो नियम फळ्यावर लिहून मोकळे होतो. सराफाच्या दुकानात असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आता फार महाग नाही. शाळेच्या खर्चातून तो घेता आला तर उत्तमच. शीतपेयाच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर घाल, कागदाच्या पुडीत बांधलेला २ ग्रॅम सोडा आत सोडून झाकण ताबडतोब घट्ट लाव. पुडीचा कागद, झाकण असे सगळे साहित्य आधी एकत्र तोलून ठेवलेले असू दे. क्रिया संपल्यावर बाटली कडक लागते, पण काटा तोच आकडा दाखवतो. झाकण सैल केले की सुस्कारा निघतो आणि आकडा अर्ध्या-पाऊण ग्रॅमने खाली येतो. सोड्याचे प्रमाण हौसेने वाढवू नकोस, बाटली फुटू शकते. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून हाच प्रयोग करण्याची टूम फार आहे, पण तोलण्यासाठी तो निरुपयोगी आहे. फुगलेला फुगा जितकी हवा बाजूला सारतो तितका तिचा उत्प्लावक बल वर ढकलतो, काटा कमी वजन दाखवतो, आणि वस्तुमान नाहीसे झाले असा नेमका उलटा समज घेऊन मुले घरी जातात.

वस्तुमान टिकते, तसे आकारमान टिकेलच असे नाही. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर स्पिरिट एकत्र केले तर १०० भरत नाही, सत्त्याण्णवच्या आसपास भरते. वजन मात्र तंतोतंत बेरजेइतके येते.

पाण्यात मीठ विरघळणे भौतिक की रासायनिक, यावर तू आणि तुझ्या सहकाऱ्यांत वाद झाल्याचे लिहिले आहेस. परीक्षेत भौतिक असे लिहायला सांग, पाणी आटवले की तेच मीठ परत मिळते हा त्याचा पुरावा पुरेसा आहे. परंतु मिठाच्या स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, विरघळताना सुटे होतात, त्यामुळे ही सीमारेषा पुसट आहे आणि जाणकारही तेथे एकमताने बोलत नाहीत, हे आठवीच्या मुलांना जरूर सांग. त्यांना ते झेपते.

पुढच्या आठवड्यात मुलांना आपापल्या घरचे पाणी आणायला सांग : हापशाचे, आडाचे, टँकरचे आणि पावसाचे साठवलेले असेल तर तेही. प्रत्येकाचे अर्धा लिटर एकाच आकाराच्या पातेल्यांत पूर्ण आटव आणि उरलेला क्षार तोलून पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम अशी आहे, तिच्याशी ते आकडे ताडून पाहता येतील. अर्ध्या लिटरचा आकडा दुप्पट करायला मुले हमखास विसरतात, तेवढे सांभाळ. आकडे आले की मला पाठव, आणि कोणते पाणी कोणत्या वस्तीवरचे तेही शेजारी लिही.

तुझा,
सर