सुट्या भागांचा फोन घ्यावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

युरोपीय संघाचे फोनदुरुस्तीचे नवे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले आणि ‘मॉड्युलर’ (भाग सुटे करून बदलता येणारा), ‘सस्टेनेबल’ (पर्यावरणाला कमी जड) हे शब्द आपल्याकडच्या जाहिरातींतही दिसू लागले. तेव्हापासून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, की भाग सुटे झाले म्हणजे फोन आपोआप जास्त वर्षं टिकतो. म्हणून नेहमीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मुलगा म्युनिकला असतो. दिवाळीत येताना फेअरफोन आण म्हणावं का? (कोथरूड)

फोन इथे चालू होईल, पण बिघडला तर काय करणार ते आधी ठरवा. फेअरफोन ही भाग घरीच बदलता येतील असे फोन बनवणारी ॲमस्टरडॅमची कंपनी, आणि तिचे फोन भारतात अधिकृतपणे विकले जात नाहीत. त्यामुळे वॉरंटीही तिकडे आणि सुटे भागही तिकडेच. डिस्प्ले घरच्या घरी बदलता येतो हे खरं, पण तो कुरियरने मागवून कस्टममधून सोडवायचा कोणी? सुटी लिथियम बॅटरी तर पुष्कळ कुरियरवाले घेतच नाहीत.

तरीही आणायचाच असेल तर मुलाला नेटवर्कचे बँड तपासायला सांगा. जिओ ४जीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड, आणि ५जीसाठी एन२८ आणि एन७८ हे फोनच्या तपशिलात हवेत. जिओकडे २जी-३जी नाही, सगळे कॉल व्होएलटीईवरून, म्हणजे ४जीच्या इंटरनेट जोडणीवरूनच, जातात. फोनमध्ये इथल्या कंपनीची सेटिंग नसेल तर इंटरनेट उत्तम चालेल आणि कॉल मात्र लागणार नाही. फोनसोबतच एक जादा बॅटरी आणि एक चार्जिंग पोर्ट घ्यायला सांगा, कारण पहिल्यांदा जातात ते हेच दोन भाग. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून ती केबिन बॅगेत ठेवायची. फेअरफोन ५ ची ४२०० एमएएच बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची आहे आणि विमानातली नेहमीची मर्यादा १०० वॉट-तासांची, म्हणजे अडचण येऊ नये. तरी विमान कंपनीला विचारून घ्या.

बॅटरी काढता येणारा फोन पावसात चालत नाही, असं दुकानदार सांगतो. (रत्नागिरी)

दुकानदाराला २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ची आठवण करून द्या. मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हातात यायची, आणि तरी त्याला आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सॅमसंगच्याच एक्सकव्हर मालिकेत बॅटरी निघते आणि आयपी६८ ही मिळतं. हे जमतं, पण त्याची किंमत मोजावी लागते: झाकणाभोवती रबरी गॅस्केट, ते सगळीकडून सारखं दाबून धरणारी कडक चौकट, बॅटरीला स्वतःचं टणक कवच, आणि या सगळ्यामुळे वाढलेली जाडी. गोंदाने तेच काम स्वस्तात आणि पातळ फोनमध्ये होतं, म्हणून कारखान्यांना गोंद आवडतो. फेअरफोन ५ ने मधला मार्ग काढला. त्याला आयपी५५ आहे, म्हणजे पाण्याची धार चालते, बुडवणं चालत नाही. पावसात खिशातून काढून दोन मिनिटं बोलायला ते पुरतं.

तुमच्याकडे खरा शत्रू खारी हवा आहे. सुट्या भागांच्या फोनमध्ये बरेच भाग दाबून बसणाऱ्या संपर्क-टोकांवर चालतात, आणि त्यांच्यावर काळपट-हिरवट थर चढला की कॅमेरा मधूनच ‘सापडत नाही’, चार्जिंग अडखळतं. अशी टोकं ब्लेडने खरवडू नका, वरचा मुलामा निघून जातो. फोन बंद करा, बॅटरी काढा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून हलकेच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. हात थरथरत असेल तर कारागिराकडे न्या. झाकण लावण्याआधी गॅस्केटवर बोट फिरवून पाहा. वाळूचा एक कण किंवा एक केस तिथे राहिला तरी पाणी आत शिरतं. आणि आयपीची चाचणी नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नसते.

भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय कृपया विसरा. पोर्टमध्ये पीठ जातं, दुसरं काही होत नाही.

या फोनांत वायरलेस चार्जिंग का देत नाहीत? (सांगली)

कॉइलने जाडी वाढते, उष्णता वाढते, आणि उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, केबल लावा.

दोन वर्षांनी फक्त प्रोसेसर आणि रॅम बदलता आली तर नवा फोन घ्यावाच लागणार नाही. कंपन्या मुद्दाम करत नाहीत का? (पवई)

प्रयत्न झाला आहे. २०१३ मध्ये डेव्ह हॅकेन्स या डच डिझायनरने ‘फोनब्लॉक्स’ ही सुट्या ठोकळ्यांच्या फोनची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी तेव्हा गूगलच्या मालकीच्या मोटोरोलाने तसाच फोन बनवायचा ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. सप्टेंबर २०१६ मध्ये तो गुंडाळला गेला. गुंडाळण्याआधीच्या शेवटच्या आवृत्तीत तर प्रोसेसर आणि डिस्प्ले सांगाड्यातच पक्के बसवले होते. मुद्दाम न करण्याचा संशय इतर बाबतींत रास्त आहे, इथे मात्र अडचण खरी आहे.

बहुतेक फोनांत रॅमची चिप प्रोसेसरच्या पाठीवरच बसवलेली असते. दोघांमध्ये शेकडो जोड असतात आणि अंतर मिलिमीटरभराचंही नसतं. तिथे काढ-घाल करता येणारा कनेक्टर टाकला की सिग्नल बिघडतो, वीज जास्त लागते आणि जागाही जाते. साठवलेला डेटा ज्या किल्लीने कुलूपबंद असतो ती किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. शिवाय प्रत्येक बोर्डाचं रेडिओ-कॅलिब्रेशन (नेटवर्कचे सिग्नल नेमके जुळवणं) कारखान्यात होतं. म्हणून फेअरफोनमध्येही मुख्य बोर्ड हा एकसंध भाग आहे, आणि फोनच्या किमतीचा मोठा वाटा त्यातच अडकलेला असतो.

कॅमेऱ्याचं मात्र जमलं. २०१७ मध्ये फेअरफोन २ साठी नवा कॅमेरा भाग आला आणि मागचा कॅमेरा ८ वरून १२ मेगापिक्सेलचा झाला. २०२० मध्ये फेअरफोन ३+ चा ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या फेअरफोन ३ मध्ये बसवता आला. सुधारणा म्हणून यापेक्षा मोठी अपेक्षा सध्या धरू नका. एलजी जी५ मध्ये २०१६ साली फोनची हनुवटी ओढून वेगळे भाग जोडायची सोय होती. पुढच्याच वर्षीच्या जी६ मध्ये ती काढून टाकली, आणि ज्यांनी ते भाग विकत घेतले ते बसले हात चोळत.

नियमाने सात वर्षं सुटे भाग मिळणार. म्हणजे फोन सात वर्षं बिनघोर ना? (ठाणे)

नाही. हे ‘नाही’ जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण बॅटरी आणि स्क्रूच्या गप्पांत सगळे हीच गोष्ट विसरतात.

तुम्ही म्हणता तो नियम युरोपातल्या विक्रीचा आहे. इथे विकलेल्या फोनला तो लागू नाही. तिथेही सुटे भाग विक्री थांबल्यापासून सात वर्षं आणि सॉफ्टवेअर अपडेट पाच वर्षं असा हिशेब आहे. म्हणजे शेवटची दोन वर्षं डिस्प्ले मिळेल, पण सुरक्षा मिळेलच असं नाही. त्यातही अपडेटच्या कलमाची शब्दरचना ‘अपडेट देणार असाल तर मोफत द्या’ अशा धर्तीची आहे. पळवाट शोधणाऱ्याला एवढी फट पुरते.

अपडेट देणं फोन कंपनीच्या एकटीच्या हातात नसतं. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की प्रोसेसर बनवणाऱ्या क्वालकॉम किंवा मीडियाटेकने त्या चिपसाठी ड्रायव्हर आणि फर्मवेअर (चिप चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) द्यावं लागतं. मॉडेम, ग्राफिक्स, कॅमेरा यांचं आतलं सॉफ्टवेअर बंदिस्त असतं. चिपवाल्याने हात काढून घेतला की तिथली भोकं फोन कंपनीला बुजवता येत नाहीत. फेअरफोन २ डिसेंबर २०१५ मध्ये आला. त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८०१ ला क्वालकॉमचा पाठिंबा अँड्रॉइड ६ पर्यंतच होता. कंपनीने स्वतः खपून तो अँड्रॉइड १० पर्यंत ओढला आणि मार्च २०२३ मध्ये अपडेट थांबवले. सात वर्षं ही कामगिरी मोठीच, पण त्या दिवशी कित्येकांचे फोन हार्डवेअरने ठणठणीत होते.

या अनुभवानंतरच्या फेअरफोन ५ मध्ये क्वालकॉमची क्यूसीएम६४९० ही उद्योगांतल्या उपकरणांसाठीची चिप आली, कारण तिला पाठिंबा जास्त वर्षं मिळतो. त्याची किंमत अशी, की बाजारात आला तेव्हा ७०० युरोंच्या असलेल्या फोनमध्ये मध्यम वेगाची चिप. समीक्षकांनी नाकं मुरडली. माझ्या मते हा त्या फोनमधला सगळ्यांत शहाणा निर्णय आहे. कंपनीने अपडेट २०३१ पर्यंत देण्याचं जाहीर केलं आहे.

उलट पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पाहा. दोन्हींची बॅटरी चिकटवलेली, पण अपडेटचं आश्वासन सात वर्षांचं. चांगल्या सेवा केंद्रातून एकदा बॅटरी बदलून घेतली, तर असा फोन अपडेट संपलेल्या ‘सुट्या भागांच्या’ फोनपेक्षा जास्त वर्षं सुरक्षित राहील.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकाचा आहे, कारण अख्खं घर यूपीआयवर चालतं. अपडेट थांबले त्या दिवशी बँकेचं ॲप बंद पडत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. ‘लिनेजओएस टाकून घ्या, सगळं चालतं’ हा सल्लाही सर्रास मिळतो (लिनेजओएस म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती). त्याने अँड्रॉइडचा वरचा थर ताजा होतो, चिपचं बंदिस्त फर्मवेअर जुनंच राहतं, आणि बूटलोडर (फोन सुरू करणारा, एरवी कुलूपबंद असणारा प्रोग्राम) उघडा असलेल्या फोनवर बँकेची ॲप चालायला नकार देऊ शकतात. ज्या फोनवर पगार येतो त्यावर हे प्रयोग बँकेला विचारल्याशिवाय करू नका.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ मध्ये अँड्रॉइड आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती आज पाहा. सहा महिन्यांहून जुनी असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवरून पैशांचे व्यवहार थांबवा आणि सेवा केंद्रात चौकशी करा. नवा घेताना ‘किती वर्षं अपडेट’ असं विचारू नका, शेवटची तारीख विचारा. वर्षं बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची दोन वर्षं आधीच संपलेली असतात, आणि सवलत त्याचीच असते.

बॅटरी थोडी फुगून झाकण वर आलंय. महिनाभर दाबून बसवतोय. अजून किती चालेल? (नागपूर)

आजचा दिवससुद्धा नाही. महिनाभर थांबलात कशासाठी? आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठला आहे, आणि तुम्ही रोज दाबता तेव्हा दोन थरांमधल्या पातळ पडद्यावर जोर देता. तो फाटला की शॉर्टसर्किट, आणि मग आग.

फोन बंद करा, चार्जर लावू नका. बॅटरी जोर न लावता निघत असेल तरच काढा. अडकली असेल तर चमचा, स्क्रूड्रायव्हर काहीही घालू नका. टाचणीने हवा काढायचा व्हिडिओ कोणी पाठवला असेल तर तो पुसून टाका. फोन फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून दूर ठेवा, आणि आजच सेवा केंद्राला फोन करून, सांगून, घेऊन जा. पॅन्टच्या खिशात नको. नवी बॅटरी कंपनीचीच घ्या. त्याच मापाच्या बॅटरीवर बाजारात ‘६००० एमएएच’ छापलेलं दिसतं. तेवढ्याच जागेत दीडपट क्षमता मावत नाही, छापील आकडा मात्र कितीही मावतो. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून फोन चार्ज करणं बंद करा.

मागचं झाकण स्क्रूने काढून रंग बदलता येतो, तो फोन मॉड्युलर का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही, तो कपडे बदलणारा फोन. दुकानात विचारा: बॅटरी गोंदाने चिकटवली आहे की नाही, डिस्प्लेचा ओरिजिनल फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोडलेला संच) कंपनी सुटा विकते का आणि केवढ्याला, आणि तो बदलल्यावर बोटाचा ठसा व ब्राइटनेस चालू राहतो का. उत्तर ‘मिळून जाईल साहेब’ असं आलं, तर मिळत नाही असं समजा आणि सेवा केंद्रात खात्री करा.

हेडफोनचं भोक परत कधी येणार? (कोल्हापूर)

सध्या तरी चिन्ह नाही. फेअरफोन ४ मधून ते काढताना जाडी आणि पाण्यापासून संरक्षण ही कारणं दिली गेली. ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पण त्याच दिवशी कंपनीने वायरलेस इअरबड्सही बाजारात आणले, तेव्हा ग्राहक चिडले ते योग्यच. बॅटरी बदलता येणारे फेअरबड्स यायला २०२४ उजाडलं. भोक परत येईपर्यंत यूएसबी-सीचं छोटं डॅक (हेडफोनची पिन बसवायचं जोडसाधन) वापरा. ते बिघडलं तर फोन उघडावा लागत नाही.

पर्यावरणासाठी तीन वर्षं जुना, चालता फोन देऊन असा फोन घ्यावा का? (पणजी)

नको. फोनचं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं. बर्लिनच्या फ्राउनहोफर आयझेडएम संस्थेने फेअरफोन ४ चा हिशेब मांडला. तीनऐवजी पाच वर्षं वापरला तर दर वर्षाचं उत्सर्जन ३१ टक्क्यांनी घटतं, सात वर्षं वापरला तर ४४ टक्क्यांनी. हा फायदा वर्षांचा आहे, स्क्रूंचा नाही. तुमच्या फोनला अपडेट येत असतील तर सेवा केंद्रातून बॅटरीची तब्येत तपासून घ्या, लागलीच तर बदला.

जुनी बॅटरी ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? (सोलापूर)

कुठल्याच नाही, टोकांना चिकटपट्टी लावून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि फुगलेली असेल तर नेण्याआधी त्यांना फोनवर तसं सांगा.