बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातला कोणता ब्रिटिश विनोदी चित्रपट आजही पाहावा?

तुम्ही एकच नाव मागितलंय, तर माझं उत्तर: ‘सिंग ॲज वी गो’, १९३४. दिग्दर्शक बेझिल डीन, कथा जे. बी. प्रीस्टली यांची.

इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यातली एक कापड गिरणी बंद पडते. ग्रेसी ही कामगार सायकलवर टांग मारून समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला काम शोधायला निघते. बोर्डिंग हाऊसमध्ये ताटं वाढते, हात पाहणाऱ्या बाईच्या हाताखाली राहते, टॉफी विकते. एक काम धड टिकत नाही. हसू येतं ते त्या धांदलीचं. पण गिरणीगावं वर्षातून एक आठवडा कामाला कुलूप लावून याच ब्लॅकपूलला सुटीला यायची. म्हणजे जिथे मजा करायला यायचं, तिथेच ती आता दुसऱ्यांची उष्टी उचलते! प्रेमाचा त्रिकोण मात्र कच्चा आहे, तो भाग पुढे ढकललात तरी चालेल.

ग्रेसी झालीय ग्रेसी फील्ड्स. ती लँकशायरमधल्याच रॉचडेल या गिरणीगावची, लहानपणी गिरणीत राबलेली, त्यामुळे तिचा हेल खरा वाटतो. ब्लॅकपूलचा बराच भाग तिथेच जाऊन टिपलाय, त्यामुळे १९३४ची खरी गर्दी दिसते.

ती गिरणी का बंद पडली असेल, याचा धागा आपल्यापर्यंत येतो. लँकशायरचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. जपानी कापड, आपल्याकडच्या गिरण्या आणि स्वदेशी यांनी तो बाजार तोडला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकशायरमधल्या डार्वेन या गिरणीगावाला गेले, तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला. पंचा नेसलेले गांधीजी आणि भोवती हसणाऱ्या त्या बायका, असा फोटो आहे. चित्रपट आला त्याच वर्षी मुंबईचे गिरणी कामगारही संपावर होते.

माझे वडील लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १९८२च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. हा चित्रपट मी त्यांना लॅपटॉपवर दाखवला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, मी मधूनमधून सांगत होतो. शेवटी गिरणी सुरू होते आणि ग्रेसीच्या मागून सगळे गात आत जातात. बाबा पुढे झुकले.

“उघडली?”

“हो बाबा.”

“परत लाव ते.”

तेवढाच प्रसंग आम्ही तीनदा पाहिला.