पडद्याआधी आवाज

तिसरीचा वर्ग प्रथमच हाती घेत आहात, म्हणून आधीच सांगतो: कवितेची चित्रफीत पहिल्याच तासाला दाखवू नका. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडला की तयार साहित्य मिळते खरे, परंतु ते पाहिल्यावर मुलांच्या मनातला पाऊसही पडद्यावरच्या पावसासारखाच पडू लागतो. आधी स्वतः मोठ्याने वाचा, मुलांना चित्र काढू द्या, आणि मगच पडदा सुरू करून दोन्हींतील फरकावर त्यांना बोलते करा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्या घरूनच उतरवून न्याव्यात, कारण शाळेतील नेटवर भिस्त ठेवून माझे कितीतरी तास वाया गेले. मोबाइलचा खरा उपयोग मात्र ध्वनिमुद्रणासाठी आहे. घणसोलीत माझ्या वर्गातील आगरी बोलणारी मुले प्रमाण मराठीपुढे गप्प बसत. त्यांनी आजीच्या आवाजातले धवले, म्हणजे लग्नात गायची गाणी, तिची परवानगी घेऊन मुद्रित करून आणले, तेव्हा अर्थ समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि मी बाकावर बसून ऐकत राहिलो.