इंग्रजीत लिहिताना समोरच्याच्या इच्छेचा मान कसा राखतात?

ब्रिटनमधल्या प्राध्यापकांकडे मेलवर शिफारसपत्र मागायचं आहे, 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं की आदर पोहोचतो का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. मायन्यात 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव एवढं पुरे. खरा आदर दिसतो तो विनंती कशी केली आहे, यात.

आपल्या हाताशी 'आपण' आहे, आदरार्थी अनेकवचन आहे. आजच्या इंग्रजीत लहानथोर सगळेच 'यू', त्यामुळे तिथे आदर वाक्याच्या घडणीतूनच दाखवावा लागतो. रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये सभ्यतेचे तीन नियम मांडले होते: लादू नका, पर्याय द्या, समोरच्याला बरं वाटू द्या. तुमच्या मेलसाठी दुसरा नियम सगळ्यात मोलाचा. नकार देणं त्यांना सोपं गेलं पाहिजे.

'काइंडली सेंड द लेटर बाय फ्रायडे' हा 'काइंडली' असूनही हुकूमच वाटतो. त्यापेक्षा लिहा, 'आय वॉज वंडरिंग इफ यू वुड बी विलिंग टू राइट अ रेफरन्स फॉर मी.' विनंती आत्ताची, पण क्रियापद भूतकाळी! तेवढ्याने तिचा रेटा कमी होतो. लगेच पुढे, 'आय वुड क्वाइट अंडरस्टँड इफ यू आर टू बिझी.' मुदत सांगायचीच, पण अर्जाची शेवटची तारीख म्हणून. त्यांनी कधीपर्यंत लिहावं ते आपण ठरवायचं नाही. 'डू द नीडफुल' मात्र कृपा करून नको.

शेवटी फार लवू नका. पूर्वी 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' अशी सही करायची रीत होती. १८०४ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर या दोन राजकीय प्रतिस्पर्ध्यांनी द्वंद्वयुद्धाआधी एकमेकांना जी कडक पत्रं लिहिली, त्यांच्याखालीही हेच शब्द आहेत. हॅमिल्टन त्या द्वंद्वात लागलेल्या गोळीने गेला. सहीतल्या नम्रतेवर किती विसंबायचं, ते यावरून कळतं.

नकार आलाच तर आपल्या पंगतीतला आग्रह तिथे चालत नाही. कारण विचारू नका, पुन्हा गळ घालू नका. 'थँक यू फॉर लेटिंग मी नो, आय क्वाइट अंडरस्टँड' एवढं त्याच दिवशी कळवा आणि दुसऱ्या प्राध्यापकांना विचारा.