टाइपऑफ सगळ्यालाच ऑब्जेक्ट का म्हणतं?

प्रश्न: दादा, मी जावास्क्रिप्ट शिकतेय. सर्व्हरकडून कधी अ‍ॅरे (व्हॅल्यूंची यादी) येतो, कधी नल (म्हणजे ‘काहीच नाही’), पण टाइपऑफ (व्हॅल्यूचा प्रकार सांगणारा ऑपरेटर) लावलं की दोन्हीला ‘ऑब्जेक्ट’च म्हणतं. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये गं, भाषेचंच जुनं दुखणं आहे ते. 1995 साली जावास्क्रिप्ट बनवणाऱ्या ब्रेंडन आइकनी तिची पहिली आवृत्ती 10 दिवसांत उभी केली, त्यात प्रत्येक व्हॅल्यूला प्रकाराचा छोटा टॅग असायचा, ऑब्जेक्टचा टॅग शून्य आणि नल म्हणजे सगळे बिट शून्यच, मग काय, नल पण ऑब्जेक्टच्या रांगेत जाऊन बसला. नंतर दुरुस्त करायचा विचार झाला होता, पण जुन्या साइट मोडतील म्हणून राहिलं ते राहिलंच.

अ‍ॅरेचं मात्र वेगळं, तो खरंच ऑब्जेक्ट आहे, म्हणून टाइपऑफ खोटं बोलत नाही, अर्धवट सांगतं एवढंच. तिथे सरळ अ‍ॅरे डॉट इजअ‍ॅरे वापर, 2009 च्या ईएस5 (जावास्क्रिप्टच्या मानकाची पाचवी आवृत्ती) पासून आहे. नलसाठी तीन बरोबर चिन्हं (===) टाकून थेट तुलना कर.

इन्स्टन्सऑफ (ऑब्जेक्ट अमुक कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या फंक्शनचा, आहे का ते सांगणारा ऑपरेटर) पण चालतं, तारखेच्या डेट ऑब्जेक्टला वगैरे मी तेच लावतो, फक्त आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) आलेला अ‍ॅरे असेल तर ते ‘नाही’ म्हणतं कारण प्रत्येक फ्रेमचा अ‍ॅरे कन्स्ट्रक्टर वेगळा असतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीये! आणि टाइपऑफ फेकून नको देऊस हं, स्ट्रिंग, नंबर, फंक्शन ओळखायला तेच बरं पडतं.